मागून आणलेला इस्तो

कॉलनीच्या फाटकावर आपलाच चेहरा टांगलेला दिसला की माणसाला आधी वाटतं, आपण गेलो. दुधाची पिशवी घेऊन परतणाऱ्या खेमसिंग आडे यांनाही तेच वाटलं. यवतमाळात माणूस फ्लेक्सवर चढतो तो निवडणुकीला, वाढदिवसाला, नाहीतर मेल्यावर. निवडणुकीच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. वाढदिवस, तांड्यातल्या त्यांच्या वयाच्या सगळ्याच पोरांसारखा, गुरुजींनी एक जूनला नेमून दिलेला, आणि ही तर जानेवारीची थंडी. उरला तिसरा पर्याय. पिशवीतलं दूध बोटांना गार लागत होतं, म्हणजे बोटं तरी चालू होती. एवढा पुरावा हाती आल्यावर ते जवळ गेले. फोटो निरोपसमारंभातला, टाय घातलेला होता. कॉम्प्युटरवाल्या पोरानं खांद्यांमागे ज्वाळा लावून दिल्या होत्या, त्यामुळे कामकाजाच्या वेळेत शांतपणे जळणाऱ्या अधिकाऱ्यासारखे ते दिसत होते. खाली अक्षरं होती: मुलांसाठी वनविद्या शिबिर. आगपेटीशिवाय आग! मार्गदर्शक, जंगलपुत्र मा. खेमसिंगजी आडे. जंगलपुत्र हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. सगळी नोकरी वीज खात्यात गेलेली. जंगल म्हणजे तारांना लागू नये म्हणून दर पावसाळ्याआधी छाटायची गोष्ट, एवढीच त्या पुत्राची आणि त्या आईची ओळख होती.

चूक कोजागिरीला झाली होती. गच्चीवर दूध आटवायला ठेवलं आणि सिलिंडर संपला. दुसरा येईपर्यंत पोरांना धरून ठेवणं भाग होतं, आणि कॉलनीत बायकांची गाणी कोणालाही येत असली तरी गोष्टी फक्त निवृत्त माणसांकडे असतात. खेमसिंग म्हणाले होते, आमच्या तांड्यात कुठली आगपेटी न् कुठला गॅस. मी तुमच्याएवढा असताना चकमकीच्या एका ठिणगीत चूल पेटवत होतो. हे अगदीच खोटं होतं असं म्हणता येणार नाही. तांडा होता, चूल होती, चकमक होती आणि तेही होते; या चौघांना एका वाक्यात आणताना थोडी ओढाताण झाली एवढंच. पोरं गप्प झाली. निकिता नावाच्या आठवीतल्या मुलीनं तर डोळे असे मोठे केले की खेमसिंगांना स्वतःच्याच बालपणाबद्दल आदर वाटू लागला. दुर्दैवानं तिथे विमलताईही बसल्या होत्या. विमलताई निवृत्त मुख्याध्यापिका; कानावर एखादी चांगली गोष्ट पडली की तिचं शिबिर करून टाकायचं, ही त्यांची जन्मजात खोड. कोजागिरीचं दूध सगळ्यांना पचलं, हे एक वाक्य तेवढं फाटकावर येऊन लटकलं होतं.

घरी नलूनं पिशवी हातातून घेतली, चेहऱ्याकडे पाहिलं आणि फ्लेक्स आपण काल संध्याकाळीच पाहिला होता, असं सांगितलं. मग सांगितलं काहून नाही, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, झोप उडाली असती. चाळीसेक वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याच्या थापा अन् त्याची झोप दोन्ही सांभाळावी लागतात. त्या दिवसापासून दुपारची सामसूम झाली की खेमसिंग गच्चीवर जाऊ लागले. बांधकामाच्या वाळूतून वेचलेली पांढरी गारगोटी, जुन्या कानशीचा तुकडा, आणि कापूस. या जिल्ह्यात कापसाला काय तोटा. गारगोटी कानशीवर आपटली की करकर आवाज येई, दात आंबत, क्वचित एखादी ठिणगी दिसे आणि जन्माला आल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी विझून जाई. कापूस पांढराशुभ्र राही. एकदा अंगठ्याचं साल निघालं. वाळत घातलेल्या पापडांवर काळी पूड पडू लागली तेव्हा नलू जिन्याच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"गॅसचं लायटर आणून देऊ काय जी? जंगलपुत्राले चालते का?"

 खेमसिंग टाकीच्या सावलीत बसून वडिलांचे, बापूंचे हात आठवू पाहत. बापू नीट आठवत. माळावर गुरं पांगलेली, पळसाच्या बुडाशी उकिडवे बसलेले बापू, कंबरेची कातडी पिशवी, चिलीम, तंबाखूचा उग्र गोड वास, सदऱ्याच्या पाठीवर घामाचा नकाशा. पण आठवणीत बापूंची नेहमी पाठच दिसे. ठिणगी पाडायच्या वेळी ते वारा अडवायला पाठ करत, आणि वळत तेव्हा चिलीम पेटलेली असे. म्हणजे ज्या एका गोष्टीवर आपली कॉलनीतली अब्रू टांगली आहे ती आपण आयुष्यात कधी पाहिलेलीच नाही, हे खेमसिंगांना साठी उलटल्यावर पाण्याच्या टाकीला टेकून कळलं. आणि त्यामागून दुसरी शंका आली, ती जास्त टोचणारी. तांड्यातून निघून वसतिगृहात, तिथून पॉलिटेक्निकला, तिथून खात्यात. या वाटेवर तांड्याचं असं काय आपल्यासोबत आलं? आडनाव आलं. जातीचा दाखला आला. बाकी बापूंची पिशवीसुद्धा डोंगरसिंगकडेच राहिली.

डोंगरसिंग म्हणजे थोरला भाऊ. त्याच्याशी बोलणं नव्हतं. त्याच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा खेमसिंग तांड्याजवळच्या दिग्रसलाच बदलीवर होते. मांडवाला रोषणाई हवी म्हणून डोंगरसिंगनं गावातल्या सगळ्यांनी टाकला असता तसाच तारेवर आकडा टाकला होता, आणि नेमकं त्याच दिवशी वरून भरारी पथक आलं. वरचा साहेब नवा, परमुलखातला. गाडीत शेजारी बसलेल्या खेमसिंगांना तो म्हणाला, तुमच्याच भागातली चोरी, तुम्हीच काढायला लावा. त्यांनी लावली. पोरीला हळद लागत होती आणि मांडव एकदम विझला. अंधारात बायकांचं गाणं अर्ध्या ओळीत थांबलं, ती उरलेली अर्धी ओळ खेमसिंगांच्या कानात अजून कधीकधी घुमे. कोणीतरी कंदील आणला. त्या उजेडात डोंगरसिंग गाडीजवळ आला. शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "साहेब, जेवून जा." तेवढंच. पुढे ती पोरगी दोन लेकरांची आई झाली, खात्यानं खेमसिंगांना कर्तव्यदक्षतेचं प्रमाणपत्र दिलं, नलूनं ते कपाटाच्या आतल्या बाजूला ठेवलं. खेमसिंग पुन्हा कधी तांड्यावर गेले नाहीत. गेलं तर साहेब म्हणून जावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शिबिराची जागा त्यांनी अर्थातच दुसरीकडे सुचवली होती. पण विमलताईंना जंगलपुत्राची जन्मभूमीच हवी होती. शेवटी तडजोड म्हणून खेमसिंगांनी तांड्यापासून जरा दूर, नाल्याच्या अलीकडचा मोहाच्या झाडांचा पट्टा निवडला. पलीकडे डोंगरसिंगचं तुरीचं शेत होतं, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. रविवारी सकाळी बस पोरांना तिथे उतरवून दिग्रसला निघाली, ती दिवस कलताना परत येणार होती. निघण्याआधी विमलताईंनी झडती घेतली. पोरांचे मोबाइल, स्वयंपाकाच्या सामानातली आगपेटी, पूजेच्या पिशवीतलं लायटर, इतकंच काय, ड्रायव्हरच्या खिशातली काडेपेटीसुद्धा एका डब्यात गेली आणि डबा बसबरोबर गेला. परतीचे दोर कापून टाकायचे म्हणतात तसं. दोर कापणाऱ्याला लढता येतं की नाही, ते कोणी विचारत नाही.

सकाळ मात्र बरी गेली. खेमसिंगांना वाटलं होतं त्याहून फारच बरी. पळसाची पानं कशी जुळवायची, काडीनं कशी टाचायची हे दाखवायला म्हणून त्यांनी पान हातात घेतलं आणि बोटांनी त्यांना न विचारताच द्रोण करून टाकला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. कुठे राहत होतं हे इतकी वर्षं? पोरांचे द्रोण गळके झाले, ऋतिक नावाच्या एका उंच पोरानं आपला टोपी म्हणून डोक्यावर घातला, तरी पोरं खूष होती. वाळलेल्या गवताचा कोमट वास येत होता. कुठेतरी होला घुमत होता. कणीक मळून रोडग्यांचे गोळे झाले, वांगी चिरली, गवऱ्या रचल्या. आणि मग सगळेजण गोल करून खेमसिंगांकडे पाहत बसले. दुपार डोक्यावर आली होती आणि भूकही.

त्यांनी गारगोटी आपटली. ठिणग्या पडल्या, हे कबूल केलं पाहिजे. गच्चीवरच्यापेक्षा चांगल्या पडल्या. पोरांनी पहिल्या ठिणगीला टाळ्या वाजवल्या, नंतरच्यांना जरा कमी. कापूस बदलला, वाळली साल घेतली, गवताचा घरटं झालेला गोळा घेतला. ऋतिकनं विमलताईंच्या चष्म्यानं ऊन गोळा करायची युक्ती काढली, पण त्यांचा चष्मा लांबचं पाहायचा. तो ऊन गोळा करायच्या ऐवजी मन लावून पसरवत होता. विमलताई मधूनमधून म्हणत होत्या, बाळांनो, संयमसुद्धा वनविद्याच आहे. खेमसिंगांचा सोललेला अंगठा पुन्हा ओला झाला. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. आता कोणीतरी हसेल, असं त्यांना वाटत होतं. कोणी हसत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. निकिता जवळ येऊन उकिडवी बसली. तिनं अगदी हळू, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं.

"काका, तुम्ही खरंच अशी चूल पेटवत होता?"

खेमसिंगांनी तिच्याकडे पाहिलं. कोजागिरीला मोठे झालेले तेच डोळे. तयार असलेली उत्तरं त्यांनी भराभर चाळली: दगड बरोबर नाही, हवा दमट आहे, पूर्वीचं लोखंड वेगळं. खात्यात असताना असल्या उत्तरांवर त्यांनी कितीएक गावं अंधारात समाधानी ठेवली होती.

"नाही," ते म्हणाले.

"मग कोण पेटवायचं?"

"कोणीच नाही," असं तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर ते खरं असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. डाव्या तळहाताला एकदम ऊब जाणवली. एका बाजूनं ऊब, दुसऱ्या बाजूनं पहाटेचा गारठा. पायाखाली ओली वाट. आणि याडी, म्हणजे आई, गवरीचा तुकडा मोडून हातात देते आहे आणि म्हणते आहे, जा, इस्तो आण. चकमक चिलमीची, माळावरची, पुरुषांच्या ऐटीची. चुलीला चकमक कधी लागलीच नाही. तांड्यात कुठली ना कुठली चूल राखेखाली जागी असायची. ज्या छपरातून धूर दिसेल तिथे पोरांनी गवरी घेऊन पळायचं आणि निखारा, म्हणजेच इस्तो, मागून आणायचा. रोज. रोज त्यांनी तो आणला होता, वसतिगृहात जाईपर्यंत. पाहुणा घाईत उठू लागला की तांड्यातली म्हातारी माणसं म्हणत, काय रे, इस्तो न्यायला आला होतास काय? कारण इस्तो न्यायला आलेला माणूस बसत नाही. त्याला कोणी बस म्हणत नाही, चहा-पाणी विचारत नाही. बोलत बसला तर हातातला विझेल.

त्यांनी गारगोटी खिशात टाकली आणि पोरांना हे सगळं सांगितलं, कोजागिरीपेक्षा पुष्कळ कमी रंगवून. दारात उभं राहायचं. चप्पल बाहेर. बसायचं नाही. मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही, भांडण असलं तरी. हे शेवटचं वाक्य बोलून होईपर्यंत पोरांनी धूर शोधायला माना वर केल्या होत्या. धूर एकच होता. नाल्यापलीकडे, तुरीच्या शेताच्या कडेला, एका झोपडीवर निळसर, निवांत, सरळ वर जाणारा.

विमलताई कणकेची राखण करायला थांबल्या. पोरांची रांग गवऱ्या घेऊन निघाली आणि रांगेच्या पुढे खेमसिंग. नाल्यात घोटाभर पाणी होतं. चपला हातात घेताना त्यांना वाटलं, आपण पाहणीला चाललो आहोत असं समजून चालावं. मग वाटलं, नको, तीच चाल तो ओळखतो. डोंगरसिंग बाजेवर बसून चऱ्हाट वळत होता. केस पार पांढरे झालेले. त्यानं मान वर केली, टाय नसलेल्या भावाकडे आणि त्याच्या मागच्या पलटणीकडे पाहिलं, आणि हात न थांबवता बोलला. भाऊ भावाशी बोलतो त्या तांड्याच्या बोलीत नव्हे, सरकारी माणसाशी बोलायच्या वऱ्हाडीत.

"या साहेब. मीटर त्या खांबावर हाय. पाहून घ्या, आकडा नाही."

पोरं खांबाकडे पाहू लागली. खेमसिंगांनी हातातली गवरी पुढे केली. 

"इस्तो पाह्यजे होता," ते म्हणाले.

चऱ्हाट थांबलं.

"कायले?"

"चूल पेटून नाही राह्यली."

"तुमच्या खात्यात नाही भेटत?"

झोपडीच्या दारात जमनाबाई आली होती, डोंगरसिंगची बायको, खेमसिंगांची भोजाई. तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "इस्तो मांगनाऱ्याले असं उभं नाही ठेवत," ती म्हणाली, आणि आत वाकून चिमट्यानं एकेक निखारा काढू लागली. पोरीच्या गवरीवर निखारा, वर थोडी राख, त्यावर दुसरा तुकडा. फुंकू नको, चालता चालता हवा लागते तेवढी पुरे. पण थांबूही नको, असं तिनं निकिताला समजावलं. प्रत्येक निखाऱ्यामागे तिनं आपल्या चुलीत एक काडी सारली. खेमसिंग ओळीत शेवटी उभे होते. त्यांच्या हातावरच्या गवरीत निखारा ठेवताना तिनं सोललेला अंगठा पाहिला आणि तो उबेच्या बाजूला येणार नाही असा तुकडा फिरवून दिला. कोणी बस म्हटलं नाही. रीतच तशी होती, आणि रीतीच्या आडोशाला उभं राहणं इतकं सोपं असेल असं खेमसिंगांना वाटलं नव्हतं. ते वळले तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"पावती देऊन जा, साहेब."

त्यांनी वळून पाहिलं नाही. डोंगरसिंगच्या मिशा हलल्या असतील की नाही, याचा विचार करत ते नाला उतरले. तळहाताला तीच ऊब होती, इतक्या वर्षांत पत्ता न बदललेली. नाल्याच्या मध्यात ऋतिकचा निखारा विझला आणि एवढं उंच पोरगं रडकुंडीला आलं. निकितानं आपली गवरी त्याच्या गवरीला टेकवली आणि दोघं खेकड्यासारखी आडवी चालत काठावर आली. मोहाखाली गवऱ्यांनी धूर धरला, मग लालसर जीभ दाखवली, आणि पोरांनी असा गलका केला की होला उडून गेला. विमलताईंचे डोळे धुरानं आणि कृतार्थतेनं भरून आले. बाकी काही म्हणा, फ्लेक्सवरचं एक अक्षर खोटं ठरलं नव्हतं: आग होती आणि आगपेटी नव्हती.

रोडगे निखाऱ्यात फुटले, तुपात बुडाले, वांग्याच्या भाजीनं पोरांचे गळके द्रोण आणखी गळले. सगळी जेवायला बसायच्या आधी खेमसिंगांनी दोन रोडगे बाजूला काढून पळसाच्या पानात बांधले होते. ज्या घरचा इस्तो, त्या घरी पहिला घास, असंही काहीतरी याडी करत असे. निदान ती तसं करत असे असं त्यांनी पोरांना सांगितलं, आणि या खेपेला त्यात ओढाताण किती होती ते त्यांचं त्यांनाही ठरवता येईना. ऊन कलायला लागलं होतं. निकितानं विचारलं, मी येऊ? ते म्हणाले, नको.

डोंगरसिंगचं चऱ्हाट बरंच लांब झालं होतं. खेमसिंग चपला काढून दारात उभे राहिले, पान पुढे धरून. बाजेवरच्या माणसानं त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या.

"आता इस्तो न्याले तं नाही आले?"

"नाही."

डोंगरसिंगनं चऱ्हाट खाली टाकलं. बाजेवर जरा सरकला. मग वऱ्हाडी ठेवून दिली आणि तांड्याच्या बोलीत म्हणाला, "तो बेस, खेमा." तर मग बस.

खेमसिंग बसले. बाज कुरकुरली. डोंगरसिंगनं रोडगा फोडला, खालची बाजू पाहिली आणि करपलाय असं सांगून मोठा घास घेतला. खात खात त्यानं विचारलं की पोरांना चकमकीचं काय सांगत होतास म्हणे. नाल्याच्या पल्याडचं सगळं इकडे ऐकू येतं. खेमसिंगांनी कोजागिरीपासून सांगितलं. टायसकट ज्वाळा ऐकताना जमनाबाईला पदर तोंडाशी न्यावा लागला. डोंगरसिंग मात्र हसला नाही. बापूंची पिशवी आत खुंटीला आहे, हवी तर ने, असं म्हणून तो पुढचा घास चावत राहिला, आणि चावून झाल्यावर म्हणाला की ती कधी धड पेटतच नसे. बापूंच्या डाव्या खिशात आगपेटी असायची. चार माणसं पाहत असली की चकमक काढायची, मग वाऱ्याला पाठ करायची आणि काडी ओढायची.

खेमसिंगांनी खांबावरच्या मीटरकडे पाहिलं. म्हणजे जंगलपुत्राला जंगलातलं नसलं तरी बापाचं काहीतरी मिळालं होतं, आणि ते त्यानं कोजागिरीला सगळ्या कॉलनीसमोर अगदी बापासारखंच वापरलं होतं. त्यांना हसू फुटलं. शेजारी डोंगरसिंगचे खांदेही हलू लागले होते, आणि बाज दोघांखाली कुरकुरत होती. नाल्यापलीकडे बसचा हॉर्न वाजला. थोडं थांबून पुन्हा वाजला. जमनाबाईनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि साखर किती, असं विचारलं. खेमसिंगांनी पाय वर घेऊन मांडी घातली.